वन्संचा हुकूम

रोज सकाळी तव्याखालचा जाळ धरला की न्येले देंबेले हातातला पळा तसाच घेऊन अंगण ओलांडायची आणि कोपऱ्यातल्या खोलीचं पत्र्याचं दार त्याने बडवायची.

"उठा वन्सं! जिवंत आहात, की रात्रीची चवळी अजून पोटात लढतेय?"

आतून नुसतं "उठले" आलं तर ते तिला चालायचं नाही. आतल्या माणसाने बाहेर यायचं, रात्र कशी गेली ते विचारायचं, घरची माणसं कशी आहेत, नदीपलीकडची कशी आहेत, तब्येत, काम, सगळं विचारायचं. मग न्येलेने तेच उलट विचारायचं. तेवढ्यात अप्पेपात्रासारख्या खळग्याखळग्यांच्या तव्यावर बाजरीचे वडे एका बाजूने करपले तरी बेहत्तर. एका जर्मन मुलाने एकदा घाईत नुसता हात हलवून ताट ओढलं होतं. न्येलेने ते ताट उचललं आणि शेळीपुढे ठेवलं.

"शेळीने तरी माझ्याकडे बघून मान हलवली," ती म्हणाली.

कोपऱ्यातली ती खोली परदेशी मुलांची. न्येलेच्या गावी, सेगूला, नदीकाठी एक भाषाशाळा होती. तिथे बांबारा ही तिकडची भाषा शिकायला येणारी मुलं गावातल्या घरांतून काही महिने राहत. न्येलेच्या घरी आलेल्याला पहिल्याच संध्याकाळी नाव मिळे. मुलगी असेल तर तेनिन. तेनिन ही न्येलेची धाकटी नणंद, लग्नाआधीच तापाने गेलेली. आडनाव अर्थातच न्येलेच्या नवऱ्याचं, कोने. न्येले मात्र लग्नानंतरही माहेरचीच देंबेले. आणि कोने म्हटलं की देंबेल्यांशी पिढीजात थट्टेचं नातं आलंच. दोघांनी एकमेकांना चवळीखाऊ म्हणायचं, बटीक म्हणायचं, मालक म्हणून मिरवायचं, आणि कोणीच रागवायचं नाही. मात्र थट्टेतल्या माणसाने खरोखर काही मागितलं तर त्याला रिकाम्या हाताने वाटेला लावायचं नाही.

न्येलेची मुलगी वासा फाटकाशी बसून वडे विकायची. आडनावाने तीही कोनेच. पण ती पोटची पोर. आईला बटीक म्हणायची तिची टाप नव्हती. तिला कधीकधी या परदेशी मुलांचा हेवा वाटे. गोरी, पिवळी, कुठूनकुठून आलेली ही पोरं येतात आणि जे तिला जन्मात बोलता येणार नाही ते पहिल्याच आठवड्यात बोलायला लागतात.

न्येलेला घरात कोने कशाला हवा होता, ते वासाला ठाऊक होतं. न्येले लग्न होऊन नावेतून आली होती. नदीच्या मध्यावर नवऱ्याच्या, झुमाना कोनेच्या, चुलतभावांनी वल्ही वर उचलून धरली. सगळे देंबेले आमचे गुलाम आहेत हे नवरीच्या बापाने कबूल करावं, नाहीतर नाव इथेच राहील. बाप हसला, प्रत्येकाच्या हातावर त्याने सुपारीसारखी चघळायची एकेक कोलाची बी ठेवली. कोला मिळाला की थट्टेवाल्याने वाट सोडायची. त्यांनी वल्ही पाण्यात टाकली. ही गोष्ट न्येले प्रत्येक विद्यार्थ्याला सांगायची आणि दर वेळी नाव थोडी जास्त हलायची.

झुमाना होड्या बांधायचा. संध्याकाळी अंगाला लाकडाचा वास घेऊन तो घरी आला की दारातच दोघांची जुंपायची. शेजारी दिवे लावायचे ते त्यांची भांडणं ऐकत. तो गेल्यावर घर असं गप्प झालं की शेळीसुद्धा दबकून चालायची. म्हणून शाळेच्या बाईंनी मुलं ठेवून घेशील का विचारलं तेव्हा न्येले लगेच हो म्हणाली. "भांडायला घरात एक कोने पाहिजे," एवढंच ती बोलली. मुलं परत जायची, पण त्यांच्या आयांची दुखणी न्येलेकडे राहायची. कुणाच्या आईचा दमा, कुणाच्या आईची सून. वर्षं उलटल्यावर त्या मुलांचा फोन आला तरी ती आधी दम्याचं विचारी.

त्या वर्षी थंडीत आलेली मुलगी लिथुआनियाची होती. दाइवा. उंच, वाकून चालणारी, प्रत्येक वाक्याच्या शेवटी माफी मागणारी. पहिल्या सकाळी न्येलेने दार बडवून "ऊठ गं बटके" म्हटलं, तर ती लाल होऊन बाहेर आली आणि म्हणाली, "मला माफ करा, वहिनी."

न्येलेने पळा खाली ठेवला. "माफ? कशाबद्दल?"

"उशीर झाला म्हणून."

"अगं, उलट शिवी दे ना!"

दाइवा तिच्याकडे बघत राहिली आणि पुन्हा म्हणाली, "माफ करा."

दुपारी नदीवर कपडे धुताना तिने वासाला विचारलं, "तुझी आई माझ्यावर रागावली आहे का?"

"तुझ्यावर? ती तुझ्यासाठी मासा राखून ठेवते, मला काटे देते."

"मग ती मला असं का म्हणते? आमच्याकडे हा शब्द कोणी कोणाला म्हणू शकत नाही."

"आमच्याकडे पण नाही म्हणत. फक्त आपल्या माणसाला म्हणतात."

"मला येणार नाही ते."

"येईल, आत्या." वासाने चादरीचं दुसरं टोक तिच्या हातात दिलं. "पीळ आता. जोर लाव, चवळी खाल्लीस ना?"

दाइवा शिकत होती. वर्गात ती सगळ्यांत पुढे होती. लांबलचक विचारपूस तिला पाठ झाली होती, बाजारातल्या बायका तिला मुद्दाम थांबवून ती ऐकायच्या. पण टोमणा आला की तिची जीभ टाळ्याला चिकटे. फेब्रुवारीत तिला हिवताप चढला. न्येले तिच्या उशाशी बसून कपाळावर ओल्या फडक्याच्या घड्या ठेवत होती आणि म्हणत होती, "वन्सं, मला न विचारता मेलात तर याद राखा. माझी बटीक माझ्या हुकमाशिवाय कुठे जात नाही." तापात दाइवा हसली होती. वासाने ते दारातून पाहिलं होतं.

मग ऊन वाढलं. उन्हाळ्यातच पानं धरणाऱ्या, अंगणातल्या बालांझानच्या झाडाची सावली तापलेल्या मातीवर दाट पडू लागली. आणि वासाच्या लक्षात आलं की आई कमरेची गाठ हल्ली वर बांधते, छातीखाली. पीठ मळता मळता मूठ पोटात रोवते आणि कोणी बघितलं की ती मूठ पिठात घालते. वासाने तिला ओढत सेगूच्या डॉक्टरांकडे नेलं. पोटात गाठ होती. डॉक्टर म्हणाले, पावसाच्या आत राजधानीला, बामाकोला जा, कापून काढायला हवी, आधीच उशीर झालाय.

"बामाकोला नाही जायचं," दवाखान्याच्या पायरीवरच न्येले म्हणाली.

"आई, ते म्हणाले..."

"ऐकलं मी. बहिरी नाही."

वासाला कारण माहीत होतं. झुमानाला बामाकोच्या मोठ्या इस्पितळात नेलं होतं. न्येले तिथल्या बोळात चटईवर बसून राहिली. माणसं तिच्या पायांवरून ये-जा करत होती. एकानेही विचारलं नाही की रात्र कशी गेली. ती स्वतः विचारायची तर लोक मागे वळून बघायचे आणि पुढे जायचे. झुमाना गेला तेव्हाही कुणीतरी फक्त त्याचं नाव मोठ्याने वाचलं. "जिथे कोणी कोणाला विचारत नाही तिथे माणूस बरा कसा होणार?" ती म्हणायची.

वासाची झोप उडाली. फाटकाशी बसून ती गिऱ्हाइकांना वडे जास्त देऊन टाकायची, मग विचारात पडायची की आपण काय केलं. आकाशाकडे बघायची. ढग नव्हते, पण येणार होतेच. तिने आईची विनवणी केली, अबोला धरला, पुन्हा विनवणी केली. शेवटी भिंतीपलीकडच्या शिंप्याला, बाकारी जाराला गाठलं. जारा म्हणजे कोन्यांच्याच बाजूचे. थट्टेत त्याचाही हक्क होता.

बाकारी गळ्यात टेप अडकवूनच आला. "ए बटके! मालकाचा हुकूम आहे. गाठोडं बांध आणि बामाकोला नीघ!"

"निघते मालक," न्येले तव्यावरून मान न उचलता म्हणाली. "पण मालकांच्या पोटात सकाळपासून काही गेलेलं दिसत नाही. टेपसुद्धा सैल पडलीय." तिने त्याच्या हातात गरम वडे दिले आणि कमरेच्या गाठीतून कोला काढून वर ठेवला.

बाकारी हसला. कोला गालात धरून निघाला. फाटकाशी वासाजवळ मात्र त्याचा चेहरा उतरला. "काय करू पोरी? दिला ना तिने कोला. आता परत त्याच गोष्टीसाठी गेलो तर ती थट्टा राहत नाही."

राहिली दाइवा. तिचे सेगूतले दिवस संपत आले होते, शेवटची परीक्षा तोंडावर होती. ती स्वतःहूनच एका संध्याकाळी न्येलेपुढे जाऊन उभी राहिली, हात पाठीमागे बांधून, वर्गात उभी राहते तशी.

"वहिनी, तुमची हरकत नसेल तर, कृपा करून, तुम्ही बामाकोला जाण्याचा विचार करावा, अशी माझी इच्छा आहे."

एकही चूक नव्हती. न्येलेचे डोळे भरून आले. तिने दाइवाचा गाल थोपटला. "किती गोड बोलायला लागलीस गं! तुझ्या मास्तरांना सांगते हं मी." आणि ती शेळीला पाणी द्यायला गेली.

वासाने दाइवाला दंडाला धरून नदीवर नेलं.

"कृपा करून? कृपा करून म्हणायला तू पाहुणी आहेस?"

"मग कोण आहे मी?"

"आत्या आहेस माझी. तेनिन कोने."

"ते नाव थट्टेत दिलंय, वासा."

"मग थट्टेतच हुकूम कर! विनंती केलीस तर ती नाही म्हणू शकते, कळतंय का? परक्याला नाही म्हणता येतं."

"आजारी बाईला मी बटीक म्हणू?"

"तू तापात होतीस तेव्हा ती काय म्हणत होती तुला?"

पाण्यावरून होडी गेली, तिची लाट दोघींच्या पायांपर्यंत आली. वासाला एकदम वाटलं, आपण काय करतोय? एका परक्या पोरीच्या तोंडी आईचा जीव देतोय. पण दुसरं तोंडच उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्येले पळा घेऊन निघाली तर पत्र्याचं दार उघडंच होतं. खोलीत कोणी नव्हतं. ती वळली. चुलीपुढे, तिच्या स्वतःच्या बुटक्या स्टुलावर, गुडघे फाकवून दाइवा बसली होती. त्या स्टुलावर न्येलेशिवाय कोणी बसत नसे. उंच पोरीचे गुडघे पार कानांपर्यंत आले होते.

"काय गं बटके," दाइवा म्हणाली. आवाज थरथरत होता, उच्चार मात्र स्वच्छ. "मालकीण उठून बसली तरी तवा थंड? चवळी खाऊन झोपलीस वाटतं?"

न्येलेच्या हातातला पळा वरच राहिला. मग ती अशी हसली की भिंतीपलीकडे बाकारीचं शिलाई मशीन थांबलं. "अगं बाई! वन्संना वाचा फुटली! ऐकलंस का वासा? चुकलं मालकीणबाई, पाया पडते. आणखी काय हुकूम?"

"गाठोडं बांध. उद्याच्या गाडीने बामाकोला जायचं."

हसू ओसरलं, पण पुरतं गेलं नाही. न्येलेने कमरेची गाठ सोडली, कोला काढला आणि दाइवाच्या हातावर ठेवला. व्यवस्थित, नावेतल्या बापासारखा. वासाने डोळे मिटले. संपलं. आता दाइवाने तो घ्यायचा, हसायचं आणि उठायचं.

दाइवाने कोलाकडे पाहिलं. मग तो न्येलेच्या तळव्यात परत ठेवला आणि तिची बोटं वरून मिटली.

वासाने डोळे उघडले ते नेमके तेव्हाच. कोला परत करायचा नसतो. सोयरीक मोडायची असेल, वैर धरायचं असेल, तर माणूस कोला परत करतो. हे वर्गात कोणी शिकवलं नसणार, आणि काल नदीवर तिला स्वतःलाही सांगायचं सुचलं नव्हतं. तिला मध्ये धावायचं होतं. पण आईच्या थट्टेत तिला जागा नव्हती.

"वन्सं," न्येले हळू आवाजात म्हणाली, "कोला घ्या."

"नको. मला कोला नको. तू गाडीत बस."

भिंतीवरून बाकारीचं डोकं वर आलं होतं. तेही हलत नव्हतं. न्येले त्या मुलीकडे बघत राहिली. स्टुलावर अवघडून बसलेली, मान ताठ धरलेली, हनुवटी मात्र लहान मुलासारखी हलत असलेली. तव्यातलं तेल धूर सोडायला लागलं.

"तेनिनला पण कोला आवडायचा नाही," न्येले शेवटी म्हणाली. "खऱ्या तेनिनला. कडू कडू म्हणून थुंकून टाकायची, आणि मग पाहिजे ते मिळेपर्यंत हटायची नाही. तिला काय देऊन वाटेला लावावं, आमच्या घरात कोणालाच कळायचं नाही." तिने मूठ उघडली, कोलाचे दोन भाग केले, एक स्वतःच्या तोंडात टाकला, दुसरा वासाला दिला. "बामाकोला मालकिणीने बरोबर यायचं. बटकीला एकटं पाठवत नाहीत. आणि आता उठा त्या स्टुलावरून, मोडाल."

गाडीत वासाने दाइवाला विचारलं, "तुला माहीत होतं ना, काय केलंस ते?"

"काय केलं?" दाइवा घाबरून म्हणाली. "चुकलं का काही?"

"काही नाही." वासा खिडकीबाहेर बघू लागली. खरं सांगावं की नाही, ते तिला पुढे कधीच ठरवता आलं नाही.

इस्पितळाचा बोळ तसाच होता. चटई अंथरताना न्येलेचा चेहरा दगडासारखा झाला. लोक पायांवरून जात होते. दाइवा उभी राहिली. झाडणाऱ्या बाईपाशी गेली आणि तिने सुरू केलं, रात्र कशी गेली, घरची माणसं कशी आहेत, मुलं, तब्येत, काम, सगळं, सेगूच्या चालीत, एकही पायरी न गाळता. झाडणारी बाई आधी दचकली, मग केरसुणी टेकवून तिने सगळ्याची उत्तरं दिली. मग पलीकडच्या चटईवरचा म्हातारा. मग दारावरचा पहारेकरी, जो हसून हसून खाली बसला, कारण त्याच्या शेळ्यांचं आजवर कोणा गोऱ्या बाईने विचारलं नव्हतं. वासाला लाज वाटत होती, आणि ही विचारपूस संपूही नये असं वाटत होतं. संध्याकाळपर्यंत बोळातल्या माणसांना एकमेकांची दुखणी ठाऊक झाली. न्येलेचं नाव लिहायला आलेली परिचारिका आडनावाने जारा निघाली.

"जारा?" न्येले उठून बसली. "मग हात धुऊन ये गं. चवळीचा वास येतोय."

परिचारिकेने पेन खाली केलं. "देंबेले! तरीच म्हटलं, बोळात एवढी बडबड कोणाची!"

दाइवाची परीक्षा त्याच आठवड्यात होती. ती बुडाली.

गाठ कापून निघाली. न्येलेला त्यानंतर दोन पावसाळे मिळाले. बालांझानने दोनदा पावसात पानं गाळली आणि उन्हात धरली. कोपऱ्यातल्या खोलीत आणखी दोन तेनिन राहून गेल्या. मग गाठ परतली, आणि या वेळी डॉक्टरांनी बामाकोचं नाव काढलं नाही. दाइवाचा फोन आला तेव्हा वासा अंगणात लांब जाऊन बोलली.

"मी हुकूम करू का, वासा? ती ऐकेल माझं."

"आता नको, आत्या."

मग दाइवा म्हणाली, "निदान विचारपूस तरी करू दे."

वासाने फोन आईच्या कानाशी धरला. न्येलेने सगळं विचारलं. मध्ये मध्ये थांबून, श्वास गोळा करून, पण काही गाळलं नाही. घर, माणसं, तब्येत, काम. ऐकून घेतलं आणि मान हलवली. फोन ठेवल्यावर ती डोळे मिटून पडली. वारा सुटला होता, पिठावरचं फडकं उडत होतं. वासा ते दाबायला उठली, तेव्हा आईने तिला थांबवलं.

"पुन्हा फोन आला तर वन्संना सांग, त्यांच्या आईचा गुडघा शेंगदाण्याच्या तेलाने नको, शियाच्या बियांच्या लोण्याने चोळ म्हणावं. आणि फार जोरात नको."